बंद पडलेल्या संघाची केटी

प्रोजेक्ट बंद झाला की माणसं पांगतात आणि त्यांच्या डोक्यातलं ज्ञानही जातं. आपण म्हणतो, संपलं! शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या महिला लॅक्रॉस संघाचा इतिहास वाचला आणि माझं हे मत जरा डळमळलं. (लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ.)

१९८०च्या दशकात इथे सिंडी टिमचल प्रशिक्षक होत्या. पुढे त्या मेरीलँड विद्यापीठात गेल्या. इकडे १९९२च्या हंगामानंतर विद्यापीठाने संघच गुंडाळला.

तिकडे टिमचलबाईंच्या हाताखाली केली अमॉन्टे तयार झाली. १९९५ आणि १९९६ची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकणाऱ्या संघात ती होती. नॉर्थवेस्टर्नने संघ पुन्हा उभारायला बोलावलं ते नेमकं हिलाच!

अनुभवी खेळाडूंची वानवा. आवारात धावताना दिसलेल्या, कधीच लॅक्रॉस न खेळलेल्या जुळ्या बहिणींनाही तिने संघात घेतलं. २००२ साली संघ मैदानात परतला. २००५ साली एकही सामना न हरता विजेता! मग २००९पर्यंत सलग पाच विजेतेपदं. २०२३ साली आठवं.

म्हणजे विद्यापीठाने टाकून दिलेली विद्या मेरीलँडमार्गे घरी परतली. गुरु-शिष्य परंपरा म्हणतात ती हीच की!

पण एक राहतंच. १९९३ ते २००१, तब्बल नऊ हंगाम. त्या वर्षांत शिकलेल्या मुलींच्या वाट्याला विद्यापीठाचा संघ आलाच नाही. त्यांचा हिशेब कुठल्याच ट्रॉफीवर नाही.