कौन्सिलचे हात बांधलेले नाहीत

भाड्याने देण्यासाठीच घर विकत घ्यायचे, हा व्यवसाय इंग्लंडमध्ये गेल्या तीन दशकांत फोफावला. 1988 च्या कायद्याने नव्या करारांवरचे भाडेनियंत्रण उठले, 1996 मध्ये 'बाय-टू-लेट' कर्जे आली आणि आज तिथे साधारण पाचातले एक कुटुंब खासगी घरमालकाच्या घरात राहते. स्थानिक कौन्सिलांनी यावर काय करावे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: त्यांच्या हाती काही नाही, आणि त्यांनी काही केलेच तर भाडेकरूच भरडला जाईल.

पूर्वपक्ष दुबळा नाही. कर्ज बँका देतात, कर आणि कायदे संसद ठरवते. घरमालकाला परवान्याची सक्ती केली तर सचोटीचा मालक फी भरतो, लबाड लपून राहतो. फीचा बोजा भाड्यात येतो. कंटाळलेले मालक घरे विकतात आणि भाड्याची घरे कमी होतात. वाईट घराची तक्रार आली की तपासणी करावी, एवढे पुरे.

यातला पहिलाच मुद्दा कागदपत्रांपुढे टिकत नाही. 2004 च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलला ठरावीक भागातल्या प्रत्येक खासगी घरमालकावर परवाना सक्तीचा करण्याचा अधिकार दिला. पूर्व लंडनच्या न्यूहॅमने 2013 मध्ये तो जवळपास सगळ्या हद्दीत वापरून दाखवला. 2016 च्या कायद्याने न्यायालयात न जाता 30,000 पाउंडांपर्यंत दंड करण्याची मुभा दिली. दंडाची रक्कमही याच कामासाठी कौन्सिलकडे राहते. कुटुंबाचे घर फोडून खोल्या-खोल्यांनी भाड्याने देण्याआधी नियोजन परवानगी घ्यायला लावणेही तिच्या हाती आहे. 2015 पासून मोठ्या परवाना योजनेला मंत्र्यांची मंजुरी लागे, हे खरे. लिव्हरपूलला तिचा फटका बसला. पण डिसेंबर 2024 मध्ये ती अटही गेली. मग बांधलेले हात कोणते?

तक्रारीवर विसंबणे तर त्याहून घातक. 1988 च्याच कायद्याच्या कलम 21 खाली मालक कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊ शकत असे. भिंतीवर काळी बुरशी चढली म्हणून फोन करणाऱ्याने छप्पर गमावण्याची जोखीम घ्यायची, ही कसली व्यवस्था? 2025 च्या कायद्याने हे कलम रद्द केले, अंमल 1 मे 2026 पासून. तरीही नवखा माणूस तक्रार करेलच असे नाही. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलेही अशाच खोल्यांत उतरतात. वर्षभराच्या मुक्कामात मालकाशी भांडण कोण ओढवून घेईल? खोल्या-खोल्यांनी दिलेल्या परवानाधारक घरात एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट जागा लागते. ती आहे की नाही, हे टेप घेऊन आत गेल्याशिवाय कळत नाही. स्लाऊ कौन्सिलने 2013 मध्ये उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले विमान शहरावरून फिरवले, ते परसातल्या शेडमध्ये माणसे राहतात का हे शोधायला. ती माणसे तक्रार करायला येत नव्हती. लपलेला मालक शोधावाच लागतो.

भाडेवाढीचे गणित वाचकांनीच करून पाहावे. पाच वर्षांच्या परवान्याला 500 पाउंड धरले तर आठवड्याला दोन पाउंडही होत नाहीत. एवढ्याने लंडनची भाडी चढली, असे कोण म्हणेल?

उरला घरे कमी होण्याचा मुद्दा. मालकाने विकलेले घर कुठे जात नाही. ते दुसरा मालक घेतो, किंवा कालपर्यंत भाड्याने राहणारे कुटुंब. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: भाड्याच्या घरात माणसे दाटीने राहतात, म्हणून ते विकले गेले की काहीजण उघड्यावर पडू शकतात. त्यांची सोय कौन्सिललाच करावी लागेल. पण त्यासाठी बुरशीची घरे बाजारात ठेवायची का?

परवाना योजनांवर खरा आक्षेप वेगळाच आहे. फी गोळा करून निरीक्षक न पाठवणाऱ्या कौन्सिली आहेत, आणि त्यांना झोडपलेच पाहिजे. तो दोष अंमलबजावणीचा आहे, अधिकाराचा नाही.

शिवाय कौन्सिल स्वतः घरे विकत घेऊ शकते. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना सवलतीत विकलेली लंडनमधली कितीतरी कौन्सिल-घरे आज खासगी मालकांकडे आहेत, आणि बेघर कुटुंबांना ठेवण्यासाठी काही कौन्सिली तीच घरे बाजारभावाने भाड्याने घेतात. 2021 पासून लंडनच्या महापौरांनी अशी घरे परत विकत घ्यायला कौन्सिलांना निधी दिला आहे.