ब्राउन एल : मोड, भाजणी आणि हॉप्स
केज, प्रतिनिधी - नाचणीचे सत्त्व घरी करणाऱ्या गृहिणीला ब्राउन एलची निम्मी कृती आधीच अवगत असते. धान्य भिजवणे, मोड आणणे, वाळवणे आणि भाजणे. इंग्लंडमध्ये हेच संस्कार जवावर, म्हणजे सातूवर, केले जातात. अशा धान्यास मॉल्ट म्हणतात.

ब्राउन एल ही तपकिरी रंगाची इंग्रजी बिअर होय. लंडनमध्ये १९०२ साली गोडसर 'मान्स ब्राउन एल' आली, तर 'न्यूकॅसल ब्राउन एल' १९२७ मध्ये. दोहोंत कडवटपणा बेताचाच. हॉप्सचा हात सैल सोडलेला प्रकार मुख्यत्वे अमेरिकेतील हौशी मंडळींनी रूढ केला. हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातील एका वेलीची शंकूसारखी फुले. ती कडवटपणा व सुगंध देतात, शिवाय बिअर टिकवतात.

वीस लिटरसाठी साधारण चार किलो फिकट मॉल्ट, चारशे ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट आणि दीडशे ग्रॅम चॉकलेट मॉल्ट लागते. (यात चॉकलेट नसते, रंग केवळ भाजण्याचा!) भरडलेले मॉल्ट तासभर ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले की पिष्टाची साखर होते. गाळलेला रस तासभर उकळतात. उकळीच्या आरंभी टाकलेले 'फगल' हॉप्स कडवटपणा देतात, तर अखेरीस टाकलेले 'गोल्डिंग्ज' सुगंध. रस गार करून यीस्ट घातले की आठ-पंधरा दिवसांत तो आंबतो. मग थोडी साखर घालून बाटल्या भरतात. फेस त्या साखरेमुळे येतो. साखर जास्त पडल्यास बाटली फुटू शकते.

एलच्या यीस्टला १८ ते २० अंश तापमान मानवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थंडाव्याची सोय नसल्यास बिअरला उग्र दर्प येतो.

केजच्या बाजारात ज्वारी सहज मिळते. मग तिचेच मॉल्ट का करू नये? नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या आयातीवर बंदी घातल्यावर तेथील कारखाने ज्वारीकडे वळलेही होते. परंतु ज्वारीचे पिष्ट अधिक उष्णतेवर शिजते आणि दाण्याला जवासारखे टरफल नसल्याने रस गाळणे अवघड जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे शेतकरी जाणतोच. त्या विषाचे मूळ द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते. म्हणून वाळवल्यावर मोड व मुळ्या चोळून काढाव्या लागतात.

खरा अडसर मात्र कायद्याचा आहे. ब्रिटनने घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत तसा कायदा १९७८ मध्ये झाला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६५ नुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा असून, त्या हेतूने भांडी व साहित्य बाळगणेही त्यात येते. 'विकायची नाही, स्वतःपुरतीच केली' हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. मद्यसेवनाचा परवाना खिशात असला तरी त्यावर बिअर करता येत नाही.

परवान्याच्या मार्गाने ताजी बिअर गाळणारी ठिकाणे राज्यात आहेत. पुण्यात २००९ साली सुरू झालेले 'डूलाली' हे त्यांतील आरंभीचे. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीचाच अपभ्रंश आहे.