खच्ची, नसबंदी, निर्बीजीकरण : एका सशाच्या निमित्ताने

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आमच्या परिचयाच्या एका घरी ससा पाळला आहे. म्हणायचे ससा, पण आहे ती मादी, आणि एकटीच. तिची शस्त्रक्रिया करावी की नाही यावरून घरात वाद आहे. आजोबा म्हणतात, मुक्या जिवाला खच्ची करणे पाप. नात म्हणते, निर्बीजीकरण हाच शहाणपणा. कृती एकच, परंतु दोन शब्दांमागे दोन निराळे इतिहास उभे आहेत.

‘खच्ची’ हे अरबी-फारसी ‘खस्सी’चे मराठी रूप. शेतकऱ्याच्या घरी या शब्दात क्रौर्यापेक्षा व्यवहार अधिक होता. खोंड औताला जुंपायचा तर त्याची रग उतरवणे भाग. त्यासाठी वृषण ठेचत, पुढे बर्डिझो चिमटा आला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही विहित पद्धतीने केलेले खच्चीकरण गुन्ह्यातून वगळले. (वेसण घालणेही त्याच कलमात आहे.) आज कार्यालयांत आणि राजकारणात माणसांचे जे ‘खच्चीकरण’ होते, ते याच गोठ्यातून आलेले.

आजोबांच्या मनात आणखी एक शब्द असणार, तो ते उच्चारत नाहीत इतकेच. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली, आणीबाणीत, संमत केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. शब्दाला चिकटलेली भीती मात्र उरली.

नातीचा शब्द महापालिकेचा. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. तरीही कुत्री मारणे पुढे दीर्घकाळ चालूच होते. १९९४ पासून महापालिकेने मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग धरला; देशभरासाठी नियम २००१ मध्ये आले, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. हेतू संख्या आवरण्याचा. दयेचा भाग त्यात आहे, पण हिशेब शहराचा आहे.

आता या सशिणीकडे पाहावे. तिला औत ओढायचे नाही. एकटी असल्याने संख्येचा प्रश्न नाही. परंपराही तिच्याविषयी मुकी आहे. ‘शशांक’ किंवा ‘शशशृंग’ यांतला शश हा आपल्या माळरानावरचा रानससा, जो कधी माणसाळला नाही. घरातला ससा युरोपीय, निराळ्याच प्रजातीचा. मराठीने दोघांना एकच नाव दिले, म्हणून ओळख जुनी असल्याचा भास होतो.

कारण उरते ते एकच, आणि वरच्या तिन्ही इतिहासांत ते आढळत नाही : तिचा स्वतःचा जीव. या सशांच्या माद्यांत वयाबरोबर गर्भाशयाचा कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो. काही पाहण्यांत चार वर्षांवरील निम्म्याहून अधिक माद्यांत तो दिसला आहे. गर्भाशय व अंडाशय वेळीच काढले तर हा धोका टळतो. आजोबांची धास्ती तरीही निराधार नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के होते. आजारी सशांत ते याहून बरेच अधिक.

दोन्ही आकडे समोर ठेवून आमचा कौल नातीच्या बाजूने पडतो. तिच्या शब्दाच्या बाजूने मात्र नाही. जन्माला न आलेल्या पिल्लांचा हा प्रश्नच नव्हे. सशीण तरुण आणि निरोगी असतानाच शस्त्रक्रिया व्हावी, आणि डॉक्टरांचा हात सशांवर बसलेला असावा. तो बसला आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे थांबले की जिवावर बेतते, म्हणून त्याला कुत्र्यामांजरासारखे उपाशी ठेवत नाहीत. रात्रभर उपाशी ठेवून आणा, असे जो दवाखाना सांगेल तो बदलावा.