एक फुलपाखरू, तीन नावे

नांदेड-लातूरकडच्या परसात कढीपत्ता किंवा लिंबाचे झाड असले, की काळ्या पंखांचे, मागच्या पंखांवर पांढरे-तांबडे ठिपके असलेले एक फुलपाखरू त्याभोवती घुटमळताना दिसते. मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्राखाली ‘कॉमन रोझ’ असे नाव लिहिले जाते. पुष्कळदा ती असते ‘कॉमन मॉरमॉन’ची मादी. या फसगतीला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

१७५८ साली लिनियसने एकाच ग्रंथात या एकाच जातीला दोन नावे दिली. पांढऱ्या ठिपक्यांच्या नराला ‘पॅमॉन’, तांबड्या ठिपक्यांच्या मादीला ‘पॉलिटेस’. १७७५च्या सुमारास क्रॅमरने मादीच्या आणखी एका रूपाला ‘रोम्युलस’ म्हणून तिसरी जात ठरवले. युरोपात बसून पाहायचे ते टाचणीने टोचलेले नमुने. पुरावा काय तो पंखांच्या नक्षीचा. गंमत अशी, की जिची नक्कल होते त्या अस्सल कॉमन रोझला नाव मिळाले १७७५ मध्ये, नकलेनंतर १७ वर्षांनी!

गुंता सोडवला आल्फ्रेड वॉलेसने. मलाय द्वीपसमूहात आठ वर्षे हिंडून आलेल्या या संग्राहकाने १८६५च्या निबंधात मांडले, की या निरनिराळ्या जाती नसून एकाच नराच्या निरनिराळ्या रूपांच्या माद्या आहेत. कारण तीनच वर्षांपूर्वी बेट्सने सांगून ठेवले होते. रोझच्या अळ्या ईश्वरीच्या (सापसंदाच्या) विषारी वेलीवर वाढतात, म्हणून पक्षी रोझला टाळतात. मॉरमॉनच्या निर्विष माद्या तोच वेश घेऊन वाचतात. एक रूप कॉमन रोझसारखे, दुसरे क्रिमसन रोझसारखे, तिसरे मात्र नरासारखेच. हा वेशपालट ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या हाती आहे, हे २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

मग छायाचित्रात पाहायचे काय? पंख नव्हे, धड. दोन्ही रोझच्या डोक्यावर आणि पोटावर तांबडा रंग असतो. मॉरमॉनचे धड काळे. वरून घेतलेल्या चित्रात धड नीट दिसत नाही, तेव्हा एक चित्र बाजूने घ्यावे.

नावाचा हा काथ्याकूट निरर्थक नाही. कॉमन रोझची नोंद म्हणजे आसपास ईश्वरीची वेल असल्याची खूण. मॉरमॉनला रोझ म्हटले, की जिथे ती वेल कधीच उगवली नाही तिथेही ती कागदावर उगवते.