प्रामाणिक फसवणूक

रविवारचें वर्तमानपत्र घरांत आलें म्हणजे थोड्याच वेळांत त्याची वांटणी होते. कोणी अग्रलेखाकडे वळतो, कोणी खेळांच्या बातम्यांकडे. आणि घरांतील एखादी व्यक्ति शब्दकोड्याचें पान तेवढें मागून घेते. पण तासाभरानें तीच व्यक्ति पेन्सिल हातांत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशीं येते आणि विचारते, "शेवटीं 'र' असलेला चार अक्षरांचा शब्द सांगा बरें!" एकट्यानें बसून सोडवावयाचा हा खेळ एकट्यानें क्वचितच पुरा होतो. आज मी इंग्रजींतील कूट-शब्दकोड्यांची हकीकत सांगणार आहें. वाचकाला चकविणें हा या कोड्यांचा उघड धंदा. तरीहि चकविणारा आणि चकणारा यांच्यामध्यें कित्येक पिढ्या विश्वास टिकून राहिला. तो कसा निर्माण झाला, हाच आजचा विषय.

शब्दकोड्याचा जन्म मात्र इंग्लंडांतला नव्हे. लिव्हरपूल येथें जन्मलेले आर्थर विन हे अमेरिकेंत 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रांत काम करीत असत. ता. २१ डिसेंबर १९१३ रोजीं त्यांनीं रविवारच्या पुरवणींत शंकरपाळ्याच्या आकाराचें पहिलें कोडें छापलें. १९२४ सालीं अशा कोड्यांचें पहिलें पुस्तक निघालें आणि साऱ्या अमेरिकेला त्यांचें वेड लागलें. लंडनच्या 'टाइम्स'नें त्याच वर्षीं या वेडावर कोरडे ओढले. परंतु १९२५ सालीं 'डेली टेलिग्राफ'नें कोडें सुरू केलें, आणि १ फेब्रुवारी १९३० रोजीं खुद्द 'टाइम्स'लाहि नमतें घ्यावें लागलें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत, बी. बी. सी.वरील भाषणें छापणाऱ्या 'लिसनर' साप्ताहिकांतहि कोडें येऊं लागलें. भाषणें ऐकणाऱ्या आणि वाचणाऱ्या मंडळींना कोड्यांचीहि गोडी असते, असें त्यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेंतील कोडें सरळ असे. संकेत म्हणून 'नदी' असें लिहिलेलें असलें, तर 'सरिता' असें उत्तर भरावें, इतकाच तो मामला. इंग्लंडांत त्याला वांकडें वळण मिळालें. वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणतां म्हणतां 'राम राम' म्हणूं लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. नेमकी हीच युक्ति कूटकोड्यांत वापरतात. एक मराठी नमुना करून दाखवितों : 'उलटलेल्या नदीनें केलेला गरीब, अक्षरें दोन.' हें ऐकतांच डोळ्यांपुढें महापूर उभा राहतो, वाहून गेलेलें घर दिसतें. पण कोड्याला पुराशीं कांहींएक कर्तव्य नाहीं. 'नदी' हीं दोन अक्षरें उलटीं वाचलीं कीं 'दीन' असा शब्द होतो, आणि दीन म्हणजे गरीब. वाक्याचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा अक्षरांची घडण सांगतो, आणि दोन्ही मिळून भलतेंच चित्र दाखवून आपल्याला चकवितात.

हें वळण ज्यांनीं पक्कें केलें, त्यांचें नांव एडवर्ड पॉइस मॅदर्स. बिल्हण कवीच्या 'चौरपंचाशिके'चें इंग्रजी पद्यांत रूपांतर करणारे गृहस्थ ते हेच. १९२६ पासून ते 'ऑब्झर्व्हर' पत्रांत कोडीं देऊं लागले. त्यांनीं टोपणनांव घेतलें तें तोर्केमादा. स्पेनमधील धर्मन्यायालयाचा हा प्रमुख आपल्या छळांबद्दल इतिहासांत कुप्रसिद्ध आहे. तेव्हां सोडविणाऱ्यांनीं काय समजावयाचें तें समजावें! मॅदर्स यांची बहुश्रुतता अफाट होती. पण त्यांना नियमांचा जाच नव्हता. संकेतावरून उत्तर काढावें, कीं उत्तर सांपडल्यावर संकेताशीं त्याचें नातें जुळवीत बसावें, हें पुष्कळदां उमगत नसे. लोक हरत, आणि आपण हरलों तें अज्ञानामुळें कीं अन्यायामुळें, हें त्यांना कळत नसे.

१९३९ सालीं मॅदर्स वारले. त्यांच्या जागीं आलेले डेरिक मॅकनट हे क्राइस्ट्स हॉस्पिटल या विद्यालयांत ग्रीक व लॅटिन शिकवीत. त्यांनींहि 'झिमेनीझ' हें एका स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचेंच नांव घेतलें. परंतु कारभार मात्र कायद्याचा आरंभिला. संकेतांत उत्तराचा नेमका अर्थ असावा, अक्षरांची नेमकी घडण असावी, आणि तिसरें कांहींहि नसावें, असा त्यांचा दंडक होता. वरच्या नमुन्यांत चित्र अधिक खुलावें म्हणून मीं 'गांवचा गरीब' असें म्हटलें असतें, तर तो 'गांवचा' शब्द त्यांनीं खोडून टाकला असता. कारण उत्तर काढण्यास त्याचा उपयोग नाहीं. 'अफ्रीत' या नांवानें 'लिसनर'मध्यें कोडीं देणारे पाद्री रिची यांनीं १९४९ सालच्या आपल्या पुस्तकांत हेंच तत्त्व मांडलें. त्याचा आशय असा कीं, वाक्याचा वरवरचा अर्थ रचणाऱ्याच्या मनांत नसला तरी चालेल. पण शब्दशः पाहतां त्यानें जें म्हटलें आहे, तें खरें ठरलें पाहिजे.

हा कायदा कोणत्याहि सरकारनें केला नाहीं. मॅकनट वाचकांना एक शब्द देत आणि त्यासाठीं संकेत रचून पाठविण्यास सांगत. उत्तम संकेतांना बक्षीस मिळे. आणि कोणता संकेत कां साधला, कोणता कां फसला, याची चर्चा करणारें छापील टिपण सभासदांकडे जाई. सोडविणारा अशा रीतीनें स्वतः रचणारा होई, आणि रचणाऱ्यालाहि आपल्या निवाड्याचीं कारणें द्यावीं लागत. पत्रांतून वाद होत, आणि मोठ्या क्रमांकाच्या कोड्याच्या निमित्तानें सहभोजनेंहि होत. १९७२ सालीं जोनाथन क्राउदर यांनीं ही परंपरा पुढें चालविली ती 'अझेद' या नांवानें. स्पेनच्याच देझा नामक धर्मन्यायाधीशाचीं इंग्रजी अक्षरें उलटीं वाचलीं कीं हें नांव मिळतें!

परंतु या खेळाची भाषा बाहेरच्या माणसाला कशी दिसते? १९४४ च्या मे महिन्यांत दोस्त सैन्याची फ्रान्सवर उतरण्याची तयारी अत्यंत गुप्तपणें चालली होती. त्याच वेळीं 'टेलिग्राफ'च्या कोड्यांत एकामागून एक उत्तरें येऊं लागलीं : युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि १ जूनला नेपच्यून. हीं सर्व त्या मोहिमेंतील सांकेतिक नांवें होतीं. कोडीं रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. गुप्त पोलिसांनीं त्यांची कसून उलटतपासणी केली. पण त्यांत कांहींहि निष्पन्न झालें नाहीं. १९८४ सालीं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, चौकटींत शब्द भरण्याचें काम डॉ मुलांना देत असत. आणि जवळच्या छावणींतील सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यानें सहज त्यांत भरले होते. हा खुलासा खरा मानला, तर तपास करणारे गूढ शोधीत होते तें जेथें नव्हतें तेथें. खेळांतल्या माणसाला संकेत कोठें संपतो हें ठाऊक असतें. परक्याला तो प्रत्येक शब्दांत दिसतो.

याच्या अगदीं उलट अशी एक गोष्ट सांगून मी थांबतों. 'गार्डियन' पत्रांत १९५८ पासून कोडीं देणारे पाद्री जॉन ग्रॅहम 'अरॉकेरिया' या नांवानें प्रसिद्ध होते. इंग्रजींत ज्याला 'मंकी पझल', म्हणजे माकडाचें कोडें, म्हणतात त्या वृक्षाचें हें शास्त्रीय नांव. झिमेनीझचे नियम त्यांनीं कधींच काटेकोरपणें पाळले नाहींत, आणि तरीहि वाचकांचें त्यांच्यावर निरतिशय प्रेम होतें. जानेवारी १९१३ नव्हे, तर त्या पहिल्या कोड्याच्या वर्षानंतर बरोबर शतकानें, जानेवारी २०१३ मध्यें, त्यांच्या एका कोड्यावर छोटीशी टीप होती. रचणाऱ्याला काय झालें आहे, कोठें झालें आहे आणि त्यावर कोणता इलाज चालू आहे, हें अमुक अमुक क्रमांकांच्या उत्तरांत पाहावें, असा तिचा भावार्थ. लोकांनीं नेहमींप्रमाणें पेन्सिली काढल्या. एकेक घर भरत गेलें, आणि उत्तरें निघालीं : कर्करोग, अन्ननलिका, आणि केवळ वेदना सुसह्य करणारी शुश्रूषा.

त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, ते वारले. आयुष्यभर ज्यांना चकविलें, त्या मित्रांना शेवटची खबर सांगतांना त्यांनीं भाषा बदलली नाहीं. आणि वाचणाऱ्यांपैकीं कोणीहि ही थट्टा असेल असें मानलें नाहीं. पंचावन्न वर्षें त्यांनीं वाचकांना चकविलें होतें, पण खोटें असें एकदांहि सांगितलें नव्हतें.