हिरव्या पिकाआड दडलेला धातू

भिवंडी : यंत्रमागांचे शहर म्हणून भिवंडी देशभर ओळखली जात असली, तरी शहराची हद्द ओलांडताच तालुक्यात आजही भाताची खाचरे लागतात. त्यांतील पुष्कळशी गोदामांनी गिळली. उरलेल्या शेतांत पावसाळ्यात भात, त्यामागून अंगओलीवर वाल आणि पाण्याची सोय असेल तेथे पालेभाजी ही रीत चालू आहे. कामवारी नदीचे प्रदूषण हा येथील जुना विषय. कापड रंगविणाऱ्या उद्योगांचे सांडपाणी, जाळलेल्या भंगाराची राख, महामार्गावरील धूळ या वाटांनी शेतात कोणते धातू येऊ शकतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. कापडाच्या काही रंगांच्या रेणूंतच क्रोमियम, तांबे किंवा कोबाल्ट बसविलेले असते. धूळ आणि राखेतून शिसे, जस्त व कॅडमियम येऊ शकतात.

धातू जमिनीत कुजत नाहीत, विरत नाहीत. वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. त्यामुळे तिने बचावाची एक विलक्षण व्यवस्था घडविली आहे.

पहिला पहारा मुळाशी असतो. मुळे सेंद्रिय आम्ले सोडून काही धातूंना बाहेरच जखडतात आणि काहींना पेशीभित्तिकेत अडकवून ठेवतात. भाताचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. चिखलात उभे असलेले हे रोप पानांकडून हवा मुळांपर्यंत नेते आणि ती बाहेरही सोडते. तिच्यामुळे चिखलातील लोहाचा तांबूस लेप मुळांवर चढतो आणि अनेक धातू त्याला चिकटून राहतात. लावणीच्या वेळी आवण उपटताना मुळांवर दिसणारी तांबूस छटा पुष्कळदा याच लेपाची असते.

एवढे करूनही धातू आत शिरलाच, तर पेशीत दुसरी फळी उभी राहते. 1985 मध्ये जर्मनीतील म्युनिक येथील ग्रिल, विनाकर आणि झेंक या संशोधकांनी ‘फायटोकेलॅटिन’ नावाच्या गंधकयुक्त साखळ्यांचे कार्य उलगडले. ग्लुटाथायोन या पेशीतील नित्याच्या द्रव्यापासून रोप या साखळ्या तयार करते. त्या धातूच्या कणाला कवटाळतात आणि पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे एका बंद कोठारात, नेऊन टाकतात. बचाव अपुरा पडला की मुळे आखूड होतात, पाने पिवळी पडतात, फुटवे घटतात आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात. पिवळेपणा पाहून शेतकरी युरिया टाकतो, पण तेथे नत्राची उणीव नसतेच. धातूने लोहाची वाट अडविल्यामुळे हरितद्रव्य तयार होत नसते.

पिकाला त्रास झाला तर तो निदान डोळ्यांना दिसतो. खरी मेख त्यापुढे आहे. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी 1980 मध्ये ‘माती-वनस्पती अडसर’ ही कल्पना मांडली. जस्त आणि तांबे अतिरेकी झाले, तर खाणाऱ्याला अपाय होण्याआधी पीकच कोलमडते. शिसे व क्रोमियम बहुतांशी मुळांतच अडकून राहतात. कॅडमियम मात्र हा अडसर ओलांडतो. रोप हिरवेगार असते, उताराही चांगला येतो आणि दाणा मात्र खाण्यास अयोग्य ठरतो. पिकाची सहनशक्ती येथे खाणाऱ्याच्या विरोधात जाते.

जपानने याची जबर किंमत मोजली. तोयामा प्रांतात कामिओका खाणीचे कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरले. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, या नावाच्या रोगाने प्रामुख्याने प्रौढ स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे ठिसूळ झाली. 1968 मध्ये सरकारने या रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. पुढे सुमारे 860 हेक्टर शेतजमिनीच्या पुनर्स्थापनेला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

भातातील कॅडमियमचे गणित पाण्यावर फिरते. खाचरात पाणी उभे असताना ते गंधकाशी संयोग पावून अविद्राव्य राहते. पाणी ओसरून जमिनीत हवा शिरली की ते पुन्हा विरघळते आणि मूळ ते उचलते. कोकणात हळवे भात पावसातच तयार होते. गरवे भात दाणा भरत असताना, ऑक्टोबरात, पाऊस परतलेला असतो. म्हणूनच एकाच दूषित मातीत वाणागणिक धोका वेगळा असू शकतो. लोंबी निसवल्यावर तीन आठवडे पाणी राखण्याचा उपाय जपानमध्ये यासाठीच वापरला जातो. मात्र जमिनीत अर्सेनिक असेल, तर हाच उपाय उलटतो.

तालुक्याच्या खाडीकाठच्या खार जमिनीत आणखी एक गुंता आहे. मिठातील क्लोराइड कॅडमियमला धरून द्रवात मोकळे ठेवते, त्यामुळे पिकाकडून होणारे शोषण वाढते. क्षार सोसणारे ‘पनवेल’ वाण तेथे उपयोगी पडतात खरे, पण क्षार सोसणे आणि धातू रोखणे हे दोन वेगळे गुण आहेत.

चुना, शेणखत आणि पुरेसे जस्त यांमुळे शोषण कमी होते, कारण कॅडमियम बऱ्याच अंशी जस्ताच्याच दारांतून आत येते. राब भाजण्याच्या कोकणी पद्धतीतील राखही मातीची आम्लता उतरवते. त्या राबात पालापाचोळ्याऐवजी चिंध्या आणि प्लॅस्टिक गेले, तर मात्र राखच धातू पुरवील.

शहरातील ग्राहकाच्या दृष्टीने पालेभाजी अधिक नाजूक. पानावर बसलेली शिशाची धूळ नीट धुतल्यास बरीच निघते, परंतु पानाच्या आतील कॅडमियम निघत नाही. तांदूळ सडल्याने किंवा शिजविल्यानेही त्यात फारसा फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार सडलेल्या तांदळात किलोमागे 0.4 आणि पालेभाजीत 0.2 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. दाण्यापेक्षा पेंढ्यात ते सहसा अधिक असते. पेंढा खाणाऱ्या म्हशीच्या दुधात ते फारच अल्प उतरते, पण तिच्या मूत्रपिंडात व यकृतात साचत जाते.

हे सारे उघड्या डोळ्यांनी कळत नाही. तपासणीची नेहमीची व्यवस्थाही त्यासाठी आखलेली नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी 12 घटक ठरविण्यात आले. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश आहेत, जस्त, लोह आणि तांबेही आहे. कॅडमियम, शिसे आणि क्रोमियम त्यांत नाहीत. त्यांची तपासणी शेतकऱ्याला वेगळी मागावी लागते.