मुल्की, गैरमुल्की आणि एक प्रतिज्ञापत्र

नांदेड-लातूरकडची मुले आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आखात असे कुठेकुठे जाऊन राहिली आहेत. लग्नाच्या बैठकीत पूर्वी ‘शेती किती?’ असे विचारीत. आता ‘पीआर झाला का?’ असे विचारतात. पीआर म्हणजे परक्या देशात कायम राहण्याचा परवाना. मुलीचे वडील अगदी सहज विचारून जातात, आणि उत्तर देताना मुलाच्या आईचा चेहरा थोडा उतरतो. परवाना मिळाला म्हणजे मुलगा स्थिर झाला, हे तिला कळते. आता तो परत येत नाही, हेही तिला त्याच क्षणी कळते.

हे सारे नव्या जमान्याचे आहे असे आपल्याला वाटते. पण आपल्या मराठवाड्याला हा प्रकार जुना आहे. ‘मुल्की सर्टिफिकेट’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या कागदाची गोष्ट आज सांगायची आहे.

मुल्क म्हणजे देश. आपल्या मराठीतला मुलूख तो हाच. निजामाचे हैदराबाद संस्थान हे अनेक अर्थांनी वेगळे मुल्कच होते. त्याचे नाणे वेगळे, त्याला हाली शिक्का म्हणत. टपालाची तिकिटे वेगळी. सरहद्दीवर जकातीचे नाके, त्यांना करोडगिरी म्हणत. माझे किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. गावाच्या उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की वऱ्हाड. ते १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले. नदीला गुडघाभर पाणी असले तरी पलीकडचा माणूस या मुल्काचा नव्हता. तो गैरमुल्की.

हा भेद केव्हा टोचू लागला? पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे हैदराबादचे दिवाण होते. त्यांना कारभार नव्या पद्धतीने बसवायचा होता. महसूल, न्याय, शिक्षण ही खाती उभी करायला इंग्रजी शिकलेली माणसे हवी होती आणि ती संस्थानात पुरेशी नव्हती. म्हणून उत्तर हिंदुस्थानातून, बंगालमधून, मद्रासेकडून माणसे आली. सय्यद हुसेन बिलग्रामी आले, मोहसिन-उल-मुल्क आले. अघोरनाथ चट्टोपाध्याय बंगालमधून आले आणि हैदराबादेत इंग्रजी शिक्षणाचा पाया त्यांनी घातला. त्यांची मुलगी १८७९ साली हैदराबादेत जन्मली, ती सरोजिनी नायडू. कवीही आले. दाग देहलवी १८८८ मध्ये हैदराबादला आले, पण दरबारात उस्ताद म्हणून नेमणूक व्हायला १८९१ उजाडले. एवढ्या नामांकित शायरालाही परक्या मुलखात वाट पाहावी लागली. पुढे १९०५ साली ते तिथेच वारले आणि तिथल्याच मातीत त्यांचे दफन झाले.

आलेल्यांनी काम चांगले केले, पण आपले भाऊबंदही आणले. स्थानिकांच्या मुलांना कचेरीत जागा मिळेनात. तेव्हा तक्रार सुरू झाली की मुल्क आमचे आणि खुर्ची त्यांची. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ही तक्रार हिंदू विरुद्ध मुसलमान अशी नव्हती. हैदराबादचा मुसलमान आणि हैदराबादचा कायस्थ एका बाजूला, लखनौ-अलीगढचा मुसलमान दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागणी होती. १९३५ मध्ये निजामाच्या प्रजाजनांचा एक संघ निघाला. त्यात दोन्ही धर्मांची मंडळी होती आणि हैदराबाद हैदराबादकरांचे हीच त्यांची घोषणा होती.

सरकारने यावर नियम केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तव्याची अट होती. पुढे १९१९ मध्ये मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने जे मुल्की नियम झाले, ते सगळ्यांत प्रसिद्ध. मुल्की नसलेल्याला निजामाच्या खास मंजुरीवाचून सरकारी नोकरीत घ्यायचे नाही, असा दंडक ठरला. मग मुल्की कोण? जो जन्माने संस्थानचा प्रजाजन आहे तो. ज्याच्या जन्माच्या वेळी वडिलांची सरकारी नोकरी पंधरा वर्षे पुरी झाली होती तो. मुल्की पुरुषाची बायको. आणि चौथा मार्ग, जो बाहेरून आलेल्यासाठी होता, तो म्हणजे वास्तव्याचा. त्याला किमान पंधरा वर्षे संस्थानात कायम राहावे लागे. शिवाय आपण आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात लिहून मॅजिस्ट्रेटसमोर साक्षांकित करून घ्यावे लागे.

या अटीपाशी मी नेहमी थबकतो. पंधरा वर्षे मोजता येतात. भाड्याची पावती दाखवता येते, साक्षीदार आणता येतो. पण परत जाण्याचा विचार सोडला, हे कसे सिद्ध करायचे? ती मनातली गोष्ट आहे. बदायूंहून, मद्रासहून किंवा अगदी नदीपलीकडच्या उमरखेडहून आलेला कोणी कारकून तो नमुना भरत असेल, तेव्हा गावाकडचे घर, आईची कबर किंवा वडिलांची समाधी त्याला आठवली असेल का? की पोटापुढे आठवण मागे सारून त्याने सही केली असेल? कायद्याला सहीशी काम होते, बाकीचे त्याचे त्याने पाहायचे.

आजचे नियम याच्या शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वकिलातीत उलटे पटवून द्यावे लागते, की मी शिक्षण संपवून परत येणार आहे. निजामाला ‘परत जाणार नाही’ हे ऐकायचे होते, अमेरिकेला ‘परत जाईन’ हे ऐकायचे असते. कॅनडा मनातले विचारत बसत नाही, दिवस मोजतो. तिथे कायम रहिवासाचा परवाना मिळालेल्याला पुढे नागरिकत्व हवे असेल, तर अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस त्या देशात राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. तऱ्हा वेगळ्या, पण प्रत्येक मुल्क नव्या माणसाला एकच प्रश्न विचारते आहे. तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?

या नियमांची दुसरी बाजू आमच्या डोंगरात दिसते. किनवट-आदिलाबादच्या जंगलात गोंड, कोलाम पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्याइतके मुल्की दुसरे कोण? पण त्यांच्याजवळ कागद नव्हता. जंगल राखीव झाले, बाहेरून आलेल्यांच्या नावावर जमिनीचे पट्टे झाले, आणि मूळचा माणूस स्वतःच्या रानात अतिक्रमण करणारा ठरला. १९४० मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला, तो याच दुखण्यातून पेटलेल्या लढ्यात. त्यानंतर सरकारला जाग आली. गोंडांचा अभ्यास करायला क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचा व्हिएन्नाचा विद्वान पुढे आला. त्याची गंमत अशी की तो स्वतःच परका होता, आणि साधासुधा परका नव्हे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याजवळ जर्मन पासपोर्ट होता. इंग्रजांच्या लेखी तो शत्रूचा माणूस, म्हणून त्याला निजामाच्या हद्दीतच राहण्याचे बंधन घातले गेले. त्या बंदिवासात तो आदिवासींत रमला, पुढे निजाम सरकारचा सल्लागार झाला आणि गोंडांना पट्टे मिळवून देण्यासाठी झटला. त्याच काळात निलंग्यात जन्मलेले आपले सेतुमाधवराव पगडी आदिलाबादेत अधिकारी होते. त्यांनी गोंडी भाषा शिकून घेतली आणि गोंडांवर पुस्तक लिहिले. मूळच्या माणसाची साक्ष द्यायला असे भाषा शिकणारे लोक लागतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. कारभारासाठी मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आले आणि जुना वाद नव्याने उफाळला. १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबादेत ‘गैरमुल्की परत जा’ म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, तरुण मेले. मुल्की नियम मात्र सहजी मेले नाहीत. तेलंगणापुरते ते चालू ठेवण्याची तजवीज झाली, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली, ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले, त्यावरून आंध्र पेटला आणि १९७३ मध्ये संसदेने ते कायमचे रद्द केले. २०१४ मध्ये वेगळे तेलंगण राज्य झाले, त्याच्या मुळाशी हीच जुनी तक्रार होती.

याच काळात आणखी एक कागद आला. फाळणीनंतर जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू लागले. थोड्या दिवसांच्या भेटीचे परमिट वेगळे आणि कायमचे राहायला येण्याचे वेगळे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या कलमात ‘पुनर्वसनाचे किंवा कायम परतण्याचे’ परमिट असा उल्लेख आहे. १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेलेला माणूस अशा परमिटावर परत आला असेल, तरच त्याला नागरिकत्वाचा रस्ता खुला होता. चार दिवस नातलगांकडे म्हणून गेलेले आणि तिकडेच अडकलेले लोक होते. निजामाच्या कागदावर परत न जाण्याची शपथ होती आणि या कागदावर परत येण्याची परवानगी. दहा-वीस वर्षांच्या अंतराने हे दोन्ही कागद एकाच घरातल्या पेटीत येऊन पडले असतील, तर नवल नाही.

आणि किनवटचे काय झाले? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्याला जोडले गेले, तर भैंसा-मुधोळचा भाग नांदेडमधून आदिलाबादला गेला. माणसे जागची हलली नाहीत, पण त्यांचे राज्य बदलले. त्याचे परिणाम आजही दिसतात. १९७६ च्या कायद्याने आंध्रात लंबाडा समाज अनुसूचित जमातीत गेला. इकडे महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातीत राहिला. एका तांड्यातली बहीण सरहद्दीपलीकडे दिली की तिच्या आणि भावाच्या मुलांचे दाखले वेगळे. साहजिकच इकडची कुटुंबे तिकडे राहायला गेली, आणि तिथल्या गोंडांनी विचारले, हे कधीपासून इथले? प्रश्न पुन्हा तोच.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी अधिवासाचा दाखला लागतो, तो पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा. निजाम गेला, आकडा राहिला. मी या अटीच्या विरोधात नाही. स्थानिक मुलाला घराजवळ नोकरी मिळावी ही मागणी न्याय्यच आहे. पण पंधरा वर्षांचा आकडा माणूस इथला झाला की नाही हे पूर्ण सांगू शकत नाही. आमच्या घरी दखनी बोलतात, बाजारात तेलुगू आणि गोरमाटी ऐकू येते आणि मी कविता मराठीत लिहितो. हे कोणत्या रकान्यात भरायचे, ते अजून कोणी मला सांगितलेले नाही.

शेवटी एक विनंती. सप्टेंबर २०२३ पासून मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दल शासन निर्णयही निघाला. आजोबांच्या एका ओळीच्या नोंदीसाठी लोक कचेऱ्यांतून फिरले, आणि उर्दू व मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. आपल्या घरातल्या पेटीत मुल्की सर्टिफिकेट, पट्टा, परमिट असा एखादा पिवळा पडलेला कागद असेल, तर तो रद्दीत देऊ नका. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे न्या. गावातल्या उर्दू शाळेतले एखादे निवृत्त गुरुजी आनंदाने वाचून देतील. तुमचा मुलगा आज परदेशातून फोनवर सांगतो ना, की आई, माझा अर्ज अजून अडकलाय? त्याला त्या कागदातला मजकूर वाचून दाखवा. आपल्या घरातले कोणीतरी असेच कधी वाट पाहत होते, हे त्याला कळू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)